कमी सोडियमचं मीठ की नेहमीचंच, हात आखडून?

बीपीची गोळी सुरू झाली की ‘मीठ कमी करा’ हे ओघानं येतंच. पण कसं? कमी सोडियमचं पाकीट आणायचं, की घरातलंच मीठ बेतानं घालायचं? मी दोन्ही करून पाहिलंय. (सैंधव या शर्यतीत नाही. गुलाबी दिसलं तरी तेही जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच, वर आयोडिनचा भरवसा नाही.)

पाकिटाची बाजू भक्कम आहे. त्यात थोडं सोडियम कमी करून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. चीनच्या ६०० गावांत झालेल्या मोठ्या अभ्यासात (२०२१) असं मीठ खाणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचं प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी कमी दिसलं. चवीचं म्हणाल तर सावजी रश्श्यात फरक कुणाच्या बापाला कळत नाही. साध्या वरणात, ताकात मात्र मागाहून कडवटपणा येतो. तोही मी चालवून घेतला असता.

खरा वैताग दोन डब्यांचा. बाबांच्या किडन्या नाजूक, त्यांना जास्तीचं पोटॅशियम चालत नाही. बीपीच्या काही गोळ्यांनीही ते रक्तात वाढतं. म्हणजे ओट्यावर दोन डबे, दोन्हींत पांढरंच. कणकेत कोणतं? भाजी मीठ घालण्याआधी वेगळी काढली का? डब्यावरची चिठ्ठी फोडणीच्या वाफेनं आठवडाभरात गळून पडायची, आणि आई स्वयंपाकघरातून रोज विचारायची, “अरे, तुझा डबा कोणता?”

नेहमीचं मीठ कमी करणं त्या मानानं बिनकटकटीचं. पोळीत आणि भातात बंद, भाजीत शेवटी आणि निम्मं. वरणावर लिंबू पिळलं, आंबाडीची भाजी केली की उणीव फारशी जाणवत नाही. पहिले काही दिवस सगळं अळणी लागतं, मग जीभ सरावते. शिवाय पाकीट बदलून तर्री-पोह्यावरचा चिवडा, लोणचं, पापड, सांडगे थोडेच बदलतात? दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे लहान चमचाभर मीठ, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा या सगळ्याला धरून आहे. हात आखडायची सवय लागली की निदान तिकडेही लक्ष जातं.

घरात सगळ्यांच्या किडन्या धड असतील, डॉक्टर हो म्हणत असतील आणि अळणी घास घशाखाली उतरतच नसेल, तर पाकीट खुशाल आणा. मी पुन्हा आणणार नाही, एवढंच. नवतपात दिवसभर उन्हात राबणाऱ्यांनी मात्र यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.