रिस्टोरेटिव्ह जस्टिस फॅसिलिटेटरचं (म्हणजे दोन्ही बाजूंची बैठक घडवून आणणाऱ्याचं) ट्रेनिंग: सर्टिफिकेट मिळून बरेच महिने झाल्यावरचा अनुभव

ट्रेनिंग संपल्या संपल्या रिव्ह्यू लिहायचा नाही असं ठरवलेलं, कारण शेवटच्या दिवशी सगळेच भारावलेले असतात, ग्रुपवर हात जोडलेले इमोजी पडत असतात आणि त्या भरात माणूस पाच स्टार देऊन मोकळा होतो. आता सर्टिफिकेट कपाटात जाऊन बरेच महिने झाले, मधे सोलापुरात शाळांमधून आणि वस्त्यांमधून पोरांच्या भानगडी हाताळून झाल्या, त्यामुळे काय कामाला आलं आणि काय नुसतं स्लाईडवर छान दिसत होतं ते सांगू शकते. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कोर्स ऑनलाईन, संध्याकाळची बॅच, सोबत दर महिन्याला प्रॅक्टिस ग्रुप.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गुन्हा किंवा भांडण झालं की आपण विचारतो कोणी केलं आणि काय शिक्षा द्यायची. इथं विचारतात की कोणाचं काय नुकसान झालं, त्याला आता काय हवंय आणि ते भरून द्यायची जबाबदारी कोणाची. कॅनडातल्या एल्मायरा गावात १९७४ साली दोन पोरांनी दारू पिऊन एका रात्रीत बावीस ठिकाणी तोडफोड केली होती, तेव्हा मार्क यांत्झी नावाच्या प्रोबेशन ऑफिसरने त्यांना त्या लोकांच्या दारात नेऊन उभं करायची आयडिया मांडली आणि जजने ती मान्य केली. पहिल्याच सेशनला ही गोष्ट सांगतात. पुढे न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्यात फॅमिली ग्रुप कॉन्फरन्स, म्हणजे कुटुंबाला सोबत घेऊन बैठक, आणली, ती तिथल्या मूळच्या माओरी लोकांच्या पद्धतीवरून.

इतिहासाचा भाग ठीकठाक, तो कुठेही वाचायला मिळतो. पैसे वसूल झाले ते प्री-मीटिंगच्या मॉड्यूलमध्ये. दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवण्याआधी प्रत्येकाला वेगळं भेटायचं, एकदा नाही तर गरज पडेल तितक्यांदा, आणि त्या भेटीत सल्ला द्यायचा नाही, समजूत काढायची नाही, फक्त काय झालं, तेव्हा डोक्यात काय होतं, कोणाकोणाला त्याचा त्रास झाला, आता काय व्हायला पाहिजे एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं लै अवघड असतं हो. रोल-प्लेमध्ये ट्रेनर मुद्दाम आम्हाला शांततेत लटकवून ठेवायच्या, कोणी मधे बोललं की थांबवून परत पहिल्यापासून.

विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतली एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. एका पोराने शेजारच्या पोराची सायकल नेऊन भंगारात विकली. सगळ्यांचं म्हणणं एकच, पैसे भरा आणि मिटवा. ज्याची सायकल गेली त्याच्या आईला भेटायला गेले तर मांडीवर सूप, सुपात पानं आणि जर्दा, कात्री चालूच, मान वर नाही. कितीतरी वेळ ती काही बोललीच नाही आणि मीही बोलले नाही. मग म्हणाली, "पैशाचं राहू द्या मॅडम, ते पोरगं रोज माझ्या दारावरनं जातंय, लहानपणापासनं माझ्याकडं जेवलंय, आता मी त्याला हाक मारायची की तोंड फिरवायचं ते सांगा." आणि परत पान कापायला लागली. पैशांबद्दलच बोलत बसलो असतो तर ही गोष्ट बाहेरच आली नसती. पुढच्या बैठकीत पोराला सगळ्यात जड गेलं ते हेच ऐकणं. त्याच्या मामाने हप्त्याने पैसे द्यायचं कबूल केलं आणि सायकल येईपर्यंत हा पोरगा त्या मुलाला डबलसीट क्लासला नेणार असं ठरलं, हे पोरांनीच सुचवलं.

आता तक्रार. डबलसीट व्यवस्थित चालू राहिलं, पण हप्ते काही दिवसांनी थांबले, आणि करार मोडला तर फॅसिलिटेटरने काय करायचं यावर अख्ख्या कोर्समध्ये एक स्लाईड आहे. एक! फॉलोअप कोणी घ्यायचा, मुदत वाढवायची की परत बैठक लावायची, पावसाळ्यात मामाचं काम बंद पडलं तर काय, हे सगळं शेवटी प्रॅक्टिस ग्रुपमधल्या जुन्या लोकांकडून शिकावं लागलं. त्यांच्या सांगण्यावरून परत बसवलं, हप्ता लहान केला, आता चालूय.

दुसरं म्हणजे हा कोर्स बनवणाऱ्यांच्या डोळ्यासमोर वेगळी घरं आहेत. न्यूझीलंडच्या पद्धतीत कुटुंबाला आपापसात बोलायला काही वेळ एकटं सोडतात, तिथं अधिकारीही थांबत नाहीत. आमच्याकडे एकटं म्हणजे कुठं सोडायचं? पत्र्याच्या एका खोलीत सहा माणसं, दारात चुलती, खिडकीत गल्ली, आणि "काय झालं बे" म्हणत येणारा प्रत्येक जण स्वतःला पंच समजतो. शेवटी शाळेचा वर्ग रविवारी मागून घेतला. आजी फक्त तेलुगू बोलणारी, मामा कन्नडमिश्रित मराठी, आणि हँडआऊट सगळे इंग्रजीत. हे मी फीडबॅकमध्ये लिहिलंय, अजून उत्तर नाही.

तिसरी गोष्ट जास्त गंभीर. आपल्याकडे तंटा मिटवायची हौस भारी, १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम चालली, त्यातून बरीच भांडणं कोर्टात जायची थांबलीही असतील, पण मिटवण्याच्या नादात ज्याचं नुकसान झालं त्यालाच "जाऊ दे ना आता, मोठ्या मनाने माफ कर" म्हणायची सवय लागते. संयुक्त राष्ट्रांच्या २००२ च्या तत्त्वांत स्पष्ट आहे की सहभाग दोघांच्या मर्जीने आणि मर्जी कधीही मागे घेता येते. कोर्सने हे बजावून शिकवलं, त्याबद्दल पूर्ण मार्क. माफी हा बैठकीचा हेतूच नाही, हे आता मी नातेवाईकांना पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकते.

कायद्याचा भाग मात्र कच्चा. गोपनीयतेवर तासभर बोलले, पण मुलाने बोलता बोलता लैंगिक अत्याचाराचं काही सांगितलं तर पॉक्सोच्या (मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा) कलम १९ प्रमाणे कळवावंच लागतं, तिथं गोपनीयता चालत नाही, हे आमच्यातल्या एका वकील बाईंनी विचारल्यावर आलं. कुठला गुन्हा आपसात मिटवता येतो याची यादी आता बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ३५९ मध्ये आहे, त्याचाही उल्लेख नाही. बाल न्याय मंडळापुढच्या मुलांसोबत काम करणार असाल तर २०१५ चा बाल न्याय कायदा स्वतः वाचून जा, विशेषतः कलम १८, त्यात समुपदेशन आणि समाजसेवेचे आदेश आहेत.

सर्कलचा, म्हणजे गोल करून बसून बोलायचा, भाग शाळेसाठी भारी. हातात वस्तू असेल त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. कोर्सच्या व्हिडिओत पीस आणि गुळगुळीत दगड होते, आमच्या वर्गात एका पोराने आजोबांचा मागावरचा जुना धोटा (विणताना आडवा धागा नेतो तो) आणला. लाकूड झिजून काळं पडलेलं, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी. पहिल्या फेरीत पोरं त्याच्याशी तलवारबाजीच करत होती, सर वैतागले. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जमलं. मागच्या बाकावरची जी कधी तोंड उघडत नाहीत ती धोटा हातात आल्यावर बोलतात, आणि हुशार पोरांना गप्प बसावं लागतं ते त्यांना अजिबात आवडत नाही.

समुपदेशक, शिक्षक, निरीक्षण गृहात काम करणारे यांनी करावा असा कोर्स आहे, वकिलांना रोल-प्लेचा कंटाळा येईल. पैसे भरण्याआधी एवढं मात्र विचारून घ्या की प्रॅक्टिस ग्रुप फीमध्येच आहे की वेगळे पैसे, कारण पुढच्या बॅचपासून तो वेगळा करणार असं ऐकलंय, आणि तो नसेल तर या फीला मी तरी नाही म्हणेन.