मुरघासाचं कल्चर घेताय? पाकीट आधी उलटं करा

मुरघास म्हणजे हवाबंद दाबून आंबवलेला हिरवा चारा, आणि कल्चर म्हणजे तो नीट आंबावा म्हणून मिसळायचे जिवाणू. या कल्चरच्या पाकिटावर पुढे धष्टपुष्ट गाय असते. कामाची माहिती मागच्या बाजूला, बारीक अक्षरात. तिथे तीन गोष्टी शोधायच्या: जिवाणूंची पूर्ण नावं, एका ग्रॅममधली जिवंत जिवाणूंची संख्या, म्हणजे सीएफयू, आणि पाकीट किती टन चाऱ्याला पुरतं तो आकडा. नुसतं 'उपयुक्त जिवाणूंचं मिश्रण' एवढंच छापलेलं असेल तर पाकीट दुकानातच राहू द्यावं.

आता हिशेब. हिरव्या चाऱ्याच्या दर ग्रॅमला किमान १ लाख जिवंत जिवाणू पडले पाहिजेत, हे सर्वमान्य प्रमाण आहे. एका टनात १० लाख ग्रॅम, म्हणजे टनाला १०,००० कोटी जिवाणू लागले. १०० ग्रॅमचं पाकीट ५० टनांसाठी विकलं जात असेल तर त्याच्या एका ग्रॅममध्ये ५,००० कोटी सीएफयू हवेत. त्याच वजनाच्या, तेवढ्याच टनांचा दावा करणाऱ्या पाकिटावर ग्रॅमला १०० कोटी लिहिलेलं असेल, तर चाऱ्याच्या ग्रॅमला फक्त २,००० जिवाणू मिळतात. शेतातून येणाऱ्या मक्यावर मुळातच लाखांनी लॅक्टिक जिवाणू असतात. त्यांच्या गर्दीत हे २,००० काय करणार? १०० कोटी हा आकडा वाचायला मोठा वाटतो, त्यावरच असा माल खपतो.

आकडा जुळला की नावं बघायची, कारण कल्चर दोन जातींचं असतं आणि दोघांची कामं वेगळी. प्लँटारम, पेडिओकोकस, एंटेरोकोकस फेसियम ही जिवाणू मंडळी चाऱ्यातल्या साखरेपासून जवळपास निव्वळ लॅक्टिक आम्ल करतात. त्यामुळे पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितका चारा आंबट) भरभर खाली येतो आणि चाऱ्यातली घट कमी राहते. दुसऱ्या जातीतल्या बुकनेरी या जिवाणूचं तसं नाही. तो तयार लॅक्टिक आम्लातलं थोडं मोडून त्याचं ॲसेटिक आम्ल करतो. यात चाऱ्याची थोडी जास्त घट होते, पण ॲसेटिक आम्ल यीस्टला दाबून ठेवतं, म्हणून खड्डा उघडल्यावर मुरघास लवकर गरम होत नाही. हा जिवाणू मात्र सावकाश काम करतो. ४५ ते ६० दिवसांच्या आत उघडलं तर त्याचे पैसे वाया गेले म्हणून समजा.

मक्यासाठी प्लँटारमवालं साधं कल्चर घ्यावं का? आमचं मत, बहुतेक वेळा नको. मक्यात साखर भरपूर आणि आम्लाला विरोध कमी, त्यामुळे वेळेवर कापून नीट दाबला तर तो कल्चरशिवायही ४ च्या आसपास पीएचला येतो. मक्याचं खरं दुखणं उघडल्यानंतर सुरू होतं: हवा लागते, यीस्ट लॅक्टिक आम्ल खातं, ढीग तापतो, मागोमाग बुरशी. म्हणून मक्याला बुकनेरी असलेलं, शक्यतो दोन्ही जातींचं एकत्र कल्चर पटतं. रोज थोडाच चारा निघत असेल आणि खड्ड्याचं तोंड मोठं असेल तर नक्कीच. लसूणघास, बरसीम, चवळी यांचं उलट आहे. साखर कमी, प्रथिनं आणि क्षार जास्त, पीएच हटून बसतो. इथे प्लँटारम आणि पेडिओकोकसचा फरक दिसतो, पण आधी चारा सुकवून पाणी कमी करायचं आणि २ ते ३ टक्के मळी (मोलॅसिस) द्यायची. साखरच नसेल तर जिवाणू आम्ल कशाचं करतील?

दाणेदार भुकटी की पाण्यात विरघळणारी? विरघळणारीच. जिवाणू चाऱ्यात फिरत नाहीत, जिथे पडतात तिथेच वाढतात. हाताने फेकलेली भुकटी एका थरात दाट आणि दुसऱ्यात नसल्यासारखी होते, कोरडसर चाऱ्यात तर ती जागीसुद्धा होत नाही. टनाला १ ते २ लिटर द्रावण कुट्टी मशीनच्या तोंडाशी फवारलं की सगळीकडे सारखं लागतं. पाणी कोमट नको, क्लोरीनचं तर अजिबात नको. नळाचं पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवावं. आदल्या फवारणीचा औषधी वास येणारा पंप वापरू नये, आणि त्याच टाकीत बुरशी रोखणारं प्रोपिऑनिक आम्ल टाकू नये, जिवाणू मरतात. द्रावण त्याच दिवशी संपवावं.

एक-एक टनाच्या बॅगा भरणाऱ्यांची इथे अडचण होते. ५० टनांच्या १०० ग्रॅम पाकिटातून टनाला २ ग्रॅम काढायचे, तेही चमच्याच्या अंदाजाने! दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्यावा, नाहीतर लहान पुड्यांचं कल्चर शोधावं, टनामागे थोडं महाग पडलं तरी. फोडलेलं पाकीट ओल धरतं आणि जिवाणू मरू लागतात. हवा काढून घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवावं. दुकानात ते उन्हाच्या फळीवर होतं का, हेही घेताना बघावं, कारण छापलेली संख्या थंड साठवण गृहीत धरून असते.

कल्चर कोणत्या चुका झाकत नाही तेही सांगायला हवं. मक्यात कोरडा अंश, म्हणजे पाणी सोडून उरणारा भाग, ३० टक्क्यांच्या खाली असेल तर रस गळतो आणि चारा नासवणारे क्लोस्ट्रिडियम जिवाणू जोर धरतात. मग येतो तो कुबट, ओकारी आणणारा ब्युटिरिक आम्लाचा वास. कोरडा अंश ३० ते ३५ टक्के, कुट्टी १ ते २ सेंटिमीटर, पातळ थर आणि घनमीटरला ७०० किलोच्या आसपास दाब, एवढं आधी जमवावं. दाबायला ट्रॅक्टर कमी पडत असेल तर कल्चरचे पैसे त्यावर घालावेत. बॅगेला भोक पडलं असेल तर चांगल्यातलं चांगलं कल्चरसुद्धा तिथली बुरशी थांबवत नाही.

गुण आला की नाही हे वासावरून ठरवू नका, ॲसेटिक आम्लामुळे बुकनेरीच्या मुरघासाला व्हिनेगरसारखा वास येतोच. एकाच दिवशी, एकाच शेतातल्या चाऱ्याची एक बॅग कल्चरविना भरून ठेवावी. ६० दिवसांनी दोन्ही उघडून बादलीभर मुरघास सावलीत ठेवावा आणि मधोमध थर्मामीटर खुपसावा. भोवतालच्या हवेपेक्षा २ अंशांनी तापायला कल्चरवाल्या बादलीला निदान दीड-दोन दिवस जास्त लागत नसतील, तर पुढच्या हंगामात ते पाकीट घ्यायचं कारण उरत नाही.