आम्हाला कोणताही ‘जागतिक निधी’ मिळालेला नाही

मिनी डाळ मिलसमोर उभ्या असलेल्या दहा-बारा बाया, मागं पत्र्याचं शेड, पुढं ताडपत्रीवर वाळत घातलेली तूर आणि वर मथळा: ‘यवतमाळच्या ग्रामीण महिलांना 40 हजार पौंडांचे जागतिक अनुदान’. हा फोटो फिरत फिरत तुमच्या व्हॉट्सॲपवर आला असेल, तर त्यातल्या बाया आमच्या आहेत, मिल आमची आहे, मथळा मात्र चोरांचा आहे. अनुदान सोडा, आमच्याच संस्थेचे 1 लाख 37 हजार 500 रुपये गेले. आता तोच फोटो दाखवून ते दुसऱ्यांना गळाला लावत आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आम्ही घाटंजी तालुक्यातल्या. बचत गटांतूनच पुढं संस्था उभी राहिली, धर्मादाय कार्यालयात रीतसर नोंदणी आहे, दरवर्षी ऑडिट होतं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं विकसित केलेली पीकेव्ही मिनी डाळ मिल आमच्याकडं आहे. तूर निवडायची, तेल-पाणी लावायचं, वाळवायची, भरडायची. डाळ बाजारात, चुनी ढोरांना. अडतं ते लाइनीपाशी, म्हणजे विजेपाशी. तूर निघते तेव्हा गावोगावी शेतीपंपांच्या मोटारी सुरू असतात, आणि आमची मिल दुपारभर बंद पडून राहते. सोलर आणि एक पक्कं गोदाम एवढीच मागणी घेऊन आम्ही दारोदार फिरत होतो.

परदेशातून पैसा किंवा पुरस्कार येतो, ही गोष्ट विदर्भात कुणाला अचंब्याची वाटत नाही. बाबा आमट्यांना 1985 साली मॅगसेसे आणि 1990 साली टेम्पलटन पुरस्कार मिळाला. प्रकाश आणि मंदाकिनी आमट्यांना 2008 साली मॅगसेसे मिळाला तेव्हा हेमलकशापर्यंत कॅमेरे पोचले होते. बांगलादेशात बायांच्या गटांना छोटी कर्जं देणाऱ्या मुहम्मद युनूस यांना आणि त्यांच्या ग्रामीण बँकेला 2006 चं शांततेचं नोबेल मिळालं, हे तर बचत गटाच्या प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात. म्हणजे ‘जग तुमच्याकडं बघतंय’ असं कुणी म्हटलं तर आमच्या भागात लोक हसत नाहीत. चोरांना हे चांगलं ठाऊक असावं.

सुरुवात झाली ती बातम्यांपासून. जिल्ह्यातल्या संस्थावाल्यांच्या एका ग्रुपवर दर सोमवारी एक पीडीएफ यायची: सामाजिक उद्योजकांसाठी जगभरातल्या बातम्या आणि निधीच्या संधी. मराठी स्वच्छ. कोणत्या फेलोशिपची मुदत कधी संपते, कोणत्या देशातल्या गटानं काय केलं, सगळं नीट मांडलेलं. यातली खरी गोम अशी की त्या पीडीएफमधलं जवळजवळ सगळं खरं होतं. सामाजिक उद्योजकांना फेलोशिप देणारी अशोका ही संस्था बिल ड्रेटन यांनी 1980 साली सुरू केली आणि तिच्या पहिल्या फेलो मुंबईच्या शिक्षिका ग्लोरिया डिसूझा होत्या, हे मला त्या पीडीएफमधूनच कळलं, आणि ते खरंच आहे. तशाच फेलोशिप देणाऱ्या एकोइंग ग्रीन या संस्थेची माहितीही बरोबर होती. आम्ही दोन-तीन लिंक उघडून पाहिल्या, सगळ्या मूळ संस्थांच्या वेबसाइटवर गेल्या. अशा खऱ्या बातम्यांच्या मधोमध त्यांनी आपली एक बातमी ठेवली होती: लंडनच्या एका फाउंडेशनचा ग्रामीण महिला उद्योगांसाठी निधी, अर्ज मोफत. त्या फाउंडेशनचं नाव इथं देत नाही. ते फोटोसोबत आता वेगळ्याच नावानं फिरतं आहे, त्यामुळं नाव लक्षात ठेवून तुमचा काही फायदा नाही.

अर्ज खरंच मोफत होता आणि चांगला बारा-तेरा पानांचा होता. पॅन, करसवलतीची 12ए आणि 80जी प्रमाणपत्रं, तीन वर्षांचे ऑडिट, कार्यकारिणीचे आधार, सगळं मागितलं. एक रकाना असा होता: सभासदांपैकी किती जणी शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबातल्या आहेत, आणि त्यांचे फोटो. यवतमाळ जिल्ह्यात हा रकाना रिकामा राहत नाही. आमच्यातल्या दोघींनी फोटो द्यायचे की नाही यावर एक रात्र काढली आणि मग दिले. गेलेल्या पैशापेक्षा मला या रकान्याचा राग जास्त आहे.

पुढं व्हिडिओ कॉलवर मुलाखत झाली. एक गोरी बाई, आणि हिंदी बोलणारे ‘इंडिया कोऑर्डिनेटर सर’. प्रश्न अगदी नेमके: क्विंटलमागं डाळीचा उतारा किती, चुनीला भाव काय, लाइन गेली की मजुरी कशी धरता. असे प्रश्न आम्हाला कुठल्याच अधिकाऱ्यानं कधी विचारले नव्हते. आठवड्यानं निवडपत्र आलं. 40 हजार पौंड, आपले चाळीस लाखांच्या वर. पत्रावर संयुक्त राष्ट्रांच्या 17 शाश्वत विकास उद्दिष्टांचं ते रंगीत चक्र. ते चक्र कुणालाही डाउनलोड करून छापता येतं, त्यावरून छापणाऱ्याचा संयुक्त राष्ट्रांशी संबंध सिद्ध होत नाही. पत्राच्या तळाशी एक ओळ जाड अक्षरात: अधिकृत घोषणेपर्यंत ही निवड गोपनीय ठेवावी, अन्यथा रद्द होईल. या एका ओळीनं त्यांचं अर्धं काम केलं. आमचे यवतमाळचे सीए एका फोनवर होते, पण त्यांना विचारायची सोयच राहिली नाही.

मग पहिली मागणी. कागदपत्रं पडताळणी फी, 14,500 रुपये, पहिल्या हप्त्यासोबत परत मिळणार. बैठकीत आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर बाईंनी सरळ विचारलं, “जो चाळीस लाख देते, तो आपल्याले चौदा हजार कायले मांगते? त्याच्यातूनच कापून घे म्हना ना!” हाच प्रश्न मी कोऑर्डिनेटरला फोनवर विचारला. उत्तर तयार होतं: दीदी, देणगीदाराचा पैसा फीसाठी वापरता येत नाही, ऑडिटमध्ये अडकतो. ऑडिटचा शब्द आला की संस्थावाले गप्प बसतात. बैठकीनं पैसे मंजूर केले.

दुसरी मागणी 38,000 रुपयांची, ‘एफसीआरए क्लिअरन्स’च्या नावानं. एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा. गृह मंत्रालयाचं म्हणून एक पत्रही आलं, त्यावर अशोकस्तंभ. आमच्याकडं एफसीआरए नोंदणी नाही असं कळवलं, तर म्हणाले काळजी नको, आमच्या दिल्लीच्या भागीदार संस्थेच्या खात्यात पैसे येतील, तिथून तुम्हाला वळते करू. तिसरी मागणी 85,000 ची: फॉरेक्स आणि मनी लाँडरिंग प्रमाणपत्र, रिझर्व्ह बँकेच्या नावानं. दरवेळी खातं वेगळं, वेगळ्या राज्यातलं, नाव कुणा व्यक्तीचं. विचारलं तर ‘आमचे नोडल ऑफिसर’. हे पैसे कुठून आले ते सांगायलाच हवं: तूर खरेदीसाठी बाजूला काढलेले, आणि फिरत्या निधीतले. चौथ्यांदा जीएसटीचे 1 लाख 90 हजार मागितले, तेव्हा देण्यासारखं काही उरलंच नव्हतं. गोपनीयता बाजूला ठेवून मी फाइल घेऊन सीएंकडं गेले.

सीएंनी फाइल उघडली नाही. एवढंच विचारलं, “ताई, पैसे कोणत्या खात्यात येणार आहेत?”

तुम्हीही इथून पुढं सगळ्यात आधी हाच प्रश्न विचारा. 2010 च्या एफसीआरए कायद्यात 2020 साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून कुठल्याही भारतीय संस्थेला परदेशी देणगी येते ती फक्त एका ठिकाणी: स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत, संसद मार्गावर, संस्थेच्या स्वतःच्या एफसीआरए खात्यात. तिथून पुढं गावाकडच्या बँकेत आणता येते, पण पहिलं पाऊल तिथंच पडतं. आणि ‘भागीदार संस्थेतून वळतं करू’ हे तर त्याच दुरुस्तीनं बंद झालं आहे. एका संस्थेला आलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देताच येत नाही. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत तिनं मूळ कामावर 15 लाख रुपये खर्च केलेले हवेत. ते नसेल तर विशिष्ट देणगीदाराकडून विशिष्ट रकमेसाठी पूर्वपरवानगी मागता येते. ती मागायची आपण, ऑनलाइन, देणगीदाराचं पत्र जोडून, आणि फी भरायची थेट सरकारी पोर्टलवर. लंडनचा माणूस आपल्यासाठी ‘क्लिअरन्स’ काढूच शकत नाही. सीए पुढं म्हणाले ते ऐकून हातपायच गळाले: हे पैसे खरे असते आणि आपल्या साध्या खात्यात पडले असते, तर गुन्हा आपल्यावर झाला असता. त्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

एफसीआरएला आम्ही संस्थावाले एरवी जाच म्हणतो, आणि छोट्या संस्थांना तो जाच आहेच, माझं मत बदललेलं नाही. पण चोर याच कायद्याच्या नावानं पैसे उकळतात आणि याच कायद्यानं सगळ्यात लवकर उघडेही पडतात. कोणत्या खात्यात, या प्रश्नावर आमच्या कोऑर्डिनेटरनं शेवटपर्यंत ताकास तूर लागू दिली नाही.

बाकीची तपासणी सीएंच्या ऑफिसात अर्ध्या तासात झाली. पत्रात ‘1994 पासून कार्यरत’ लिहिलेलं, वेबसाइटचं डोमेन मात्र जेमतेम पाच महिन्यांपूर्वी घेतलेलं. हे हूइज नावाच्या सोयीतून फुकट दिसतं. पत्त्याच्या शेवटी .org आहे म्हणून आम्ही निर्धास्त होतो, पण .org कुणीही विकत घेऊ शकतं. .gov.in तसं मिळत नाही. इंग्लंड-वेल्सच्या धर्मादाय संस्थांची यादी तिथल्या चॅरिटी कमिशनच्या वेबसाइटवर सगळ्यांना खुली आहे. पत्रावरचा नोंदणी क्रमांक टाकला तर भलतीच संस्था निघाली, तिचा आमच्या ‘फाउंडेशन’शी काडीचा संबंध नाही. रिझर्व्ह बँकेबद्दलही तेव्हाच कळलं: ती सर्वसामान्य माणसांची खाती ठेवत नाही आणि परदेशातला पैसा सोडवायला फी घेत नाही. तिनं स्वतः याबद्दल लोकांना वेळोवेळी सावध केलेलं आहे. ही सगळी तऱ्हा जुनी आहे म्हणे, ईमेलच्याही आधी पत्रानं चालायची. नायजेरियाच्या दंडसंहितेतल्या कलमावरून जगभर तिला ‘419’ म्हणतात. आपल्या जुन्या दंडसंहितेतल्या 420 च्या अगदी शेजारचा आकडा!

आणि ज्यांच्या खऱ्या बातम्यांमध्ये ही खोटी बातमी खोचली होती, त्या अशोका किंवा एकोइंग ग्रीनसारख्या संस्था अर्जासाठी एक पैसा घेत नाहीत. त्यांच्याकडं निवड व्हायला महिनोन् महिने लागतात, लोक येऊन काम बघतात, चार ठिकाणी चौकशी करतात. आमच्या मिलवर मात्र कुणी फिरकलंही नव्हतं. आपल्या कंपन्यांचा सीएसआर त्यामानानं जवळचा. मोठ्या कंपन्यांना कायद्यानं सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात, आणि तो घ्यायचा तर 2021 पासून संस्थेचा सीएसआर-1 हा नोंदणीचा फॉर्म भरलेला लागतो. त्यातही ‘दहा टक्के आधी द्या, फंड मिळवून देतो’ म्हणणारे दलाल तालुक्यातालुक्यात आहेत. त्यांच्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन केला तो त्याच दिवशी, सीएंच्या टेबलावरून. यूपीआयचे यूटीआर, म्हणजे व्यवहाराचे क्रमांक विचारतात, ते स्क्रीनशॉटवर होते. पैसे गेल्याबरोबर, त्याच तासात फोन केला तर पुढच्या खात्यांत ते अडवता येतात. आमचे पहिले दोन हप्ते तोवर हातोहात निघून गेले होते. तिसऱ्यातले 31,000 एका खात्यात होल्ड झाले आहेत, ते कोर्टाच्या आदेशानं परत मिळतील असं सांगतात. पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 आणि आयटी कायद्याचं तोतयेगिरीचं कलम 66डी लागलं. संस्थेची सगळी कागदपत्रं त्यांच्याकडं गेली आहेत, म्हणून बँकेला लेखी कळवून ठेवलं आणि धर्मादाय कार्यालयात एक अर्ज दिला. ज्या दोघींचे फोटो गेले, त्यांच्या घरी मी स्वतः जाऊन सांगितलं.

आमचा फोटो ‘विजेते’ म्हणून फिरतोय हे कळलं ते गोंदियाकडच्या एका भाऊंमुळं. त्यांनी संस्थेच्या नंबरवर फोन करून विचारलं, “ताई, तुमाले भेटले ना पैसे? आमाले पंधरा हजार भराले सांगून राहिले.” त्यांचे वाचले. विजेत्या म्हणून ज्या संस्थेचं नाव दाखवतात, तिला असा एक फोन करायला काही लागत नाही.

आता नवीन प्रकार सुरू झाला आहे. ‘सायबर सेल, दिल्ली’तून बोलतो म्हणून एकाचा फोन आला: तुमचे पैसे सापडले आहेत, सोडवायला 9,800 रुपये कोर्ट फी यूपीआय करा. तीनही हप्त्यांच्या रकमा आणि तारखा त्याला तोंडपाठ होत्या. त्या असणारच, टोळी तीच. फसलेल्या माणसाकडं महिना-दोन महिन्यांनी हा दुसरा फोन येतोच असं ठाण्यातल्या हवालदारांनीही सांगितलं. पैसे परत द्यायला पोलीस किंवा कोर्ट यूपीआयवर फी मागत नाहीत. असा फोन आला तर पैसे न पाठवता नंबर लिहून घ्या आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर ‘चक्षू’ ही संशयास्पद फोन कळवायची सोय आहे, तिथं नोंदवा. आम्ही नोंदवला.