मोफत वकील : चार स्टार, आणि मापाची वही जपून ठेवा

तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडून मिळालेल्या मोफत वकिलाबद्दल लिहितेय. पाचपैकी चार स्टार. तालुक्याचं नाव टाकत नाही, कारण थोडी तक्रारही आहे. वकील मॅडमचंही टाकत नाही. वकिलांना जाहिरात चालत नाही, असं त्यांनीच बजावलंय.

मी शिलाईकाम करते. ब्लाऊज, पिको-फॉल, लग्नसराईत रात्र रात्र. हंगामाच्या दिवसात केज-अंबाजोगाई रस्त्यावर आमची काळीपिवळी उसाच्या ट्रॅक्टरवर मागून आदळली. मागं दोन ट्रॉल्या, ना लाइट ना रिफ्लेक्टर. माझ्या उजव्या मनगटात प्लेट टाकावी लागली.

प्लास्टर ओलं होतं तोवरच दवाखान्याच्या गेटवर एक जण आमच्या ह्यांना गाठून म्हणाला, "भाऊ, क्लेमची केस टाकू. आत्ता एक रुपया देऊ नका, मिळाले की शंभरातले तीस माझे." आमच्याकडं दर दुसऱ्या अपघातात असला माणूस हजर असतो. नंतर कळलं की निकालाच्या रकमेत वाटा ठरवून फी घेणं वकिलाला मुळात मनाईच आहे. हा तर वकीलही नव्हता.

विधी सेवेचं आमच्या बचत गटातल्या बाईनं सांगितलं. १९८७ च्या कायद्यात बाईमाणसाला कोर्टात मोफत वकील मिळतो, घरचं उत्पन्न कितीही असो. हे माहीत नसल्यानं किती बाया त्या गेटवरच्याला तीस टक्के देऊन बसल्या असतील देव जाणे. एक अर्ज, आधार कार्ड, एफआयआर आणि पंचनाम्याची नक्कल दिली. काही दिवसांनी पॅनलवरच्या वकील मॅडमचं नाव कळलं. त्यांचं मानधन समितीच देते. अख्ख्या केसमध्ये त्यांनी माझ्याकडं एकदाही पैशाचं नाव काढलं नाही, साधा चहासुद्धा पाजू दिला नाही.

पहिल्या भेटीत त्यांनी तारीखच आधी विचारली. २०२२ पासून कायद्यात अपघातानंतर सहा महिन्यांत दावा टाकायची मुदत आलीय. आमचं त्यात बसलं.

ट्रॅक्टरच्या विमा कंपनीच्या माणसानं अडीच लाख देऊ केले तेव्हा घरात सगळ्यांना मोह झाला. गंभीर दुखापतीला चूक कुणाची हे न बघता तेवढे मिळतात, मृत्यूला पाच लाख. मॅडम म्हणाल्या, "ताई, घ्यायचे तर घ्या. पण ते घेतले की मोठा दावा तिथंच संपतो. हाताचं काय ते आधी बघू." पुढं कंपनीनं काळीपिवळीवाल्याचीच चूक काढली. मॅडमनी एका वाक्यात मिटवलं, की बाई प्रवासी होती, दोन्ही ड्रायव्हर चुकले असले तरी ती पूर्ण भरपाई कुणाही एकाकडून मागू शकते. ट्रॅक्टरचा विमा होता, ट्रॉल्यांचा नव्हता, त्यावर मात्र बऱ्याच तारखा गेल्या.

खरी मजा उलटतपासणीत. कंपनीचे वकील मला म्हणाले, "शिलाई मशीन पायानं चालते, खरं आहे का?"

म्हटलं, "खरं आहे."

"मग हाताला इजा झाली तरी काम करता येतं."

मी जज साहेबांकडं बघून म्हटलं, "साहेब, पाय मशीन पळवतो. कापड सरळ ठेवायचं काम हाताचं. ब्लाऊजची बाही लावताना गोलाईवर उजवं मनगट वळवावं लागतं, माझं वळत नाही. कात्री दाबली की कळ खांद्यापर्यंत जाते. आता मी फॉल तेवढा लावते, तोही वाकडा जातो." मॅडमनी मग माझी मापाची वही पुढं केली. कुणाची छाती किती, बाही किती, शिलाई किती, बाकी किती, सगळं माझ्या अक्षरात, अपघाताच्या आठवड्यापर्यंत. तिथून पुढं पानं कोरी. जज साहेबांनी ती बराच वेळ चाळली. ती वही मी पोटमाळ्यावरून शोधून आणलेली, कारण मॅडम सारख्या विचारायच्या, "कमाईचा काहीतरी कागद असेलच की घरात."

सर्टिफिकेटवर अपंगत्व २२ टक्के होतं. कोर्टानं कमाईचं नुकसान ३० धरलं, कारण सुप्रीम कोर्टानं २०१० मध्येच सांगितलंय की अवयवाची टक्केवारी वेगळी आणि धंद्यावरचा परिणाम वेगळा. हिशोब असा झाला: महिना ९,००० कमाई, त्यात पुढच्या वाढीचे ४० टक्के, म्हणजे १२,६००. वर्षाचे १,५१,२००. माझं वय ३३, त्या वयाला गुणक १६, म्हणजे वर्षाची कमाई सोळा पट धरायची. त्याचे ३० टक्के म्हणजे ७,२५,७६०. दवाखान्याची बिलं, वेदनेचे पैसे आणि व्याज वेगळं. बिलं मात्र जेवढी पक्की होती तेवढीच धरली. मेडिकलवाल्यानं चिठ्ठीवर लिहून दिलेलं सगळं बुडालं.

एक स्टार कापला तो तारखांसाठी. पॅनलवर वकील थोडे, केसेस ढीगभर. मॅडमचा फोन लागणं म्हणजे नशीब. पुढची तारीख कधीकधी आदल्या संध्याकाळी कळायची, मग सकाळची एसटी पकडायला पळापळ. डॉक्टरांच्या साक्षीसाठी तर केस कितीतरी महिने नुसती पडून होती. ते समितीच्या हातात नाही म्हणतात. नसेलही, पण माझी मजुरी बुडायची ती बुडायचीच. ऑफिसातला शिपाई मात्र चांगला, कुठल्या खोलीत पुकारा होणार ते स्वतः येऊन दाखवायचा.

कुणाला लागलं तर १५१०० या नंबरवर फोन करा, किंवा सरळ कोर्टात जाऊन विधी सेवेचं ऑफिस विचारा.

कंपनी आता अपिलात गेलीय, संभाजीनगरच्या खंडपीठात. तिथंही मोफत वकिलाची सोय आहे. अर्ज मॅडमनीच भरून दिला, मी सही केली. डाव्या हातानं.