अळंबीचं गोत्र: सूक्ष्मदर्शक की डीएनए?

त्र्यंबक-इगतपुरीकडच्या अळंब्यांवर एमएस्सीचा प्रकल्प करायचा, तर त्यांची ओळख आणि नाती लावायला सूक्ष्मदर्शकावर भागवायचं की डीएनए काढायचा? दर जूनमध्ये कुणीतरी विचारतंच.

सूक्ष्मदर्शक कॉलेजात असतोच, खर्च नावापुरता. टोपी रात्रभर वाटीखाली कागदावर ठेवली की सकाळी बीजाणूंचा रंग उमटतो. वारुळावरच्या अळंबीचा फिकट गुलाबी, क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस या विषारी छत्रीचा हिरवट. एवढ्यासाठी डीएनए कशाला?

गाडं अडतं ते नात्यापाशी. शेणखताच्या ढिगावर सकाळी उगवून दुपारपर्यंत शाईसारख्या गळणाऱ्या छत्र्या दिंडोरीकडच्या बागाईतदारांना नव्या नाहीत. काळे बीजाणू, गळकी टोपी, म्हणून अशा सगळ्या कोप्रिनस या एकाच प्रजातीत (म्हणजे जीनसमध्ये, अनेक जातींच्या गटात) घातलेल्या. डीएनए पाहिला तर कोप्रिनस कोमेटस निघाली बटन मशरूमच्या कुळातली आणि बाकीच्या बहुतेक दुसऱ्याच घरच्या. २००१ मध्ये त्यांची कोप्रिनॉप्सिस, कोप्रिनेलस, पॅरासोला अशी वाटणी झाली. टोपीची शाई होणं दोन घराण्यांत वेगवेगळं उपजलं होतं. ते भिंगातून कसं दिसणार?

पण 'डीएनए केला' म्हणजे बहुतेकदा डीएनएचा फक्त आयटीएस नावाचा तुकडा वाचलेला असतो, साधारण ५०० ते ७०० अक्षरांचा. २०१२ मध्ये तो बुरशींचा बारकोड, म्हणजे जात ओळखायचा प्रमाण तुकडा, ठरला. त्यावरून जात बऱ्याचदा कळते. दूरचं नातं मात्र कळत नाही, कारण तो फार झपाट्यानं बदलतो. त्यासाठी एलएसयू, आरपीबी२ असे सावकाश बदलणारे तुकडेही लागतात, आणि प्रत्येकाचे पैसे वेगळे. शिवाय ज्याच्याशी ताडून पाहायचं, त्या जेनबँक या डीएनएच्या सार्वजनिक संग्रहात चुकीच्या नावांचे क्रमही पडून आहेत.

माझा पहिला नमुना ब्रह्मगिरीहून प्लास्टिकच्या पिशवीत आला आणि रात्रभर तसाच राहिला. अहवाल आला ट्रायकोडर्माचा, म्हणजे अळंबीवर चढलेल्या बुरशीचा! चूक माझीच. आता कागदी पाकीट नेतो, त्याच दिवशी देठ उभा चिरून आतला तांदळाएवढा तुकडा सिलिका जेलमध्ये टाकतो.

सहाच महिने असतील तर सगळे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली घ्या आणि अडलेले आठ-दहाच आयटीएसला पाठवा. विषयच नातेसंबंधांचा असेल तर एकच प्रजाती धरा, पण तीन तुकडे वाचा. दोन्हीकडे उरलेली अळंबी वाळवून, क्रमांक घालून वनस्पतीसंग्रहात ठेवा. परीक्षक पहिल्यांदा तीच मागतात.