हिरडा की डाळिंबाची साल?

सुती पंचे आणि उशांचे अभ्रे शिवून विकणाऱ्या मैत्रिणीचं घोडं इथे अडलंय: घामाचा वास लवकर धरू नये म्हणून कापड कशात भिजवावं? दोन्हींत काम करतं ते टॅनिन, म्हणजे त्यांना तुरट चव देणारं द्रव्य. ते जंतूंची वाढ रोखतं, थोडं ऊनही अडवतं.

खर्चात साल जिंकते. रसवाल्याकडे पोत्यानं पडलेली असते. पण पडदे, दाणे काढून ती कडक वाळवावी लागते, नाहीतर दोन दिवसांत बुरशी. शिवाय तासभर उकळायचा गॅस धरा. हिरडा काष्ठौषधींच्या दुकानात विकतच घ्यावा लागतो, पण पूड रात्रभर भिजवली, गाळली की झालं. कापडाच्या वजनाच्या 15-20 टक्के पूड पुरते. आंध्रातल्या श्रीकालहस्तीचे कलमकारी (कापडावर कलमानं चित्रं काढणारे) कारागीर आजही कापड आधी हिरड्यात आणि म्हशीच्या दुधात भिजवतात.

रंगाचं मात्र आधीच ठरवा. हिरड्यानं कापड फिकट मातकट होतं; सालीनं चांगलंच पिवळं. लोखंडी घमेलं दोन्हींना वर्ज्य: टॅनिन लोहाशी मिळून काळपट डाग पाडतं, ते निघत नाहीत.

टिकण्याबाबत लेबलांवर काहीही लिहिलेलं असो, दोन्ही धुण्यागणिक उतरतात. तुरटीच्या पाण्यातून काढलं तर जास्त तग धरतात. धुण्याचा सोडा टाळावा.

तिच्या पांढऱ्या अभ्र्यांना हिरडा बरा, पुढे छपाई करायची असेल तर तोच. पिवळा रंग चालणार असेल आणि साल वाळवायला गच्ची असेल, तर पंच्यांना साल.