दादागिरी रोखायची कशी: शिक्षकांचा पहारा की बघ्यांना वळवणं?

नॉर्वेत मानसशास्त्रज्ञ डान ओल्वेउस यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या पद्धतीचा भर मोठ्यांवर: मधल्या सुट्टीत देखरेख, स्पष्ट नियम, त्रास देणाऱ्याशी थेट बोलणं. फिनलंडची 'किवा' पद्धत भोवतीच्या घोळक्याकडे बघते. दप्तर भिरकावणारा एकच असतो, खिदळणारे पाच-सहा. ते हसायचे थांबले की त्याचा अर्धा रुबाब उतरतो. मला हेच जास्त पटतं. पण आठवी-नववीच्या मुलांत मधे पडणारा 'चमचा' ठरतो, आणि किवाचा परिणामही प्राथमिकपेक्षा माध्यमिक वर्गांत कमीच दिसला. तिथे पहारा लागतोच, विशेषतः जिन्याखाली आणि स्वच्छतागृहाबाहेर. मात्र त्रास देणाऱ्याला सगळ्यांसमोर झापलं, तर तोच मुलगा शाळा सुटल्यावर वचपा काढतो. त्याला बाजूला घेऊनच बोलायचं.